साडेएकवीस इंचाचा भोपळा

भाजीवालीची सगळी हयात भाजी विकण्यात गेली होती, पण टेप घेऊन भोपळे मोजणारं गिऱ्हाईक तिने पहिल्यांदाच पाहिलं. गिऱ्हाईक भोपळा उचलायचं, त्याच्या पोटाभोवती टेप गुंडाळायचं, ओठांतल्या ओठांत आकडा पुटपुटायचं आणि नाराजीने मान हलवून भोपळा परत ढिगावर ठेवायचं. सात भोपळे झाल्यावर तिचा धीर सुटला.

"काका, भोपळा शिजवायचाय की त्याला सदरा शिवायचाय?"

"हेल्मेट घालायचंय," झोतराव गंभीरपणे म्हणाले.

आठवा भोपळा बरोबर साडेएकवीस इंच भरला. शिवाय थोडा लांबट होता, म्हणजे पुढून मागे जास्त आणि कानापासून कानापर्यंत कमी. माणसाचं डोकं तसंच असतं. झोतरावांना इतका आनंद झाला की भाव करायचं राहूनच गेलं. भाजीवालीनेही आठवण करून दिली नाही.

झोतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म त्यांनी मोठमोठ्या इमारतींमध्ये हवा खेळवण्यात घालवला होता. छतातून पत्र्याच्या रुंद नळ्या फिरवायच्या, त्यांच्या तोंडांना जाळ्या बसवायच्या, तळघरातला भलामोठा पंखा सुरू करायचा आणि मग प्रत्येक जाळीखाली उभं राहून हातातल्या यंत्राने हवा मोजायची, असं ते काम. त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरल्यावर आधी तळहात वर करून "झोत नाही" असं जाहीर करायची त्यांना खोडच लागली. दवाखान्यात, नाटकाला, एकदा तर लग्नाच्या हॉलमध्ये नवरीमुलीच्या बापासमोर. तेव्हापासून कामावरच्या लोकांनी त्यांचं बारसं केलं ते केलंच. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, खोड मात्र अजून नोकरीवरच होती.

आता भोपळ्याला हेल्मेट कशासाठी, हे सांगायचं तर तीन आठवडे मागे जायला हवं.

झोतरावांची सून दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात काम करायची. आठवडाभर एका कोंदट खोलीत प्लास्टर, मेण आणि जळता बर्नर यांच्या संगतीत लोकांचे दात घडवायचे. मग रविवार उजाडला की बाई आपली बारीक चाकांची, वाकड्या हँडलची, वजनापेक्षा तोरा जास्त असलेली सायकल काढायची आणि शहराबाहेरच्या टेकडीवर जायची. दुपारी घामाने चिंब होऊन परत यायची ती गाणं गुणगुणतच. आठवड्यातले इतर सहा दिवस या घरात कोणी गाताना ऐकू यायचं नाही.

तीन आठवड्यांपूर्वीच्या एका रविवारी झोतराव एका जुन्या मालकाच्या इमारतीतला कुरकुरणारा पंखा बघायला टेकडीपलीकडे निघाले होते. बस कण्हत कुंथत चढ चढत होती. खिडकीतून येणारी हवा तव्यावरून आल्यासारखी. दुसऱ्या वळणावर वरून एक सायकल सुसाट खाली आली. वेणी मागे उडत होती, डोकं उघडं होतं आणि हेल्मेट हँडलला लटकून हेलकावे खात होतं. ती सून होती. आणि ती हसत होती.

झोतरावांनी खिडकीबाहेर मान काढली, तोवर सायकल वळणाआड गेली होती. बस पलीकडे पोचली, त्यांनी पंखा पाहिला, काहीतरी सल्लाही दिला, पण कोणता ते त्यांना पुढे आठवेना. डोळ्यांसमोर तो उतार, त्याच्या कडेचे दगड आणि ते उघडं डोकं.

घरी येऊन त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. बायकोला सांगावं तर ती घर डोक्यावर घेणार. मुलगा कामासाठी परगावी असायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. त्याला सांगावं तर तो फोनवरूनच सायकलीला कुलूप घालणार, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. म्हणजे सांगितलं तर सुनेचा रविवार गेला. न सांगावं तर एखाद्या रविवारी... पुढचा विचार झोतराव करतच नसत. तिथपर्यंत आले की उठून पाणी प्यायचे. त्या तीन आठवड्यांत त्यांचं पाणी पिणं फार वाढलं होतं.

मग एके दिवशी त्यांच्या डोक्यात उजेड पडला. हेल्मेट कोणी हौसेने काढत नाही. उकडतं म्हणून काढतात. उकडतं, कारण आत हवा खेळत नाही. आणि हवा तर त्यांच्या हातचा मळ! सगळ्यात हवेशीर हेल्मेट शोधून सुनेला द्यायचं की झालं. कोणाला सांगायला नको, कोणाला दुखवायला नको. इतकं सोपं होतं ते. निदान झोतरावांना तसं वाटलं.

सून कामावर गेलेली असताना त्यांनी तिच्या जुन्या हेल्मेटचं आतून माप घेतलं. बायको दारातून बघत होती.

"अहो, सुनेच्या हेल्मेटमध्ये डोकं घालून काय शोधताय? हरवलेली अक्कल?"

"माप घेतोय. तिचा वाढदिवस आहे ना."

"वाढदिवस चार महिन्यांनी आहे."

"चांगली वस्तू शोधायला वेळ लागतो," झोतराव म्हणाले आणि भोपळा आणायला निघून गेले.

सायकलच्या दुकानाची मालकीण एके काळी सायकल शर्यतींत उतरलेली होती. तिच्या गुडघ्यावर वीतभर लांब व्रण होता आणि बोलणं मोजकं होतं.

"कोणासाठी?"

"सुनेसाठी. उन्हाळ्यात चालवते. हवा भरपूर लागणारं पाहिजे."

"कुठे चालवते? चढावर की सपाटीला?"

झोतरावांनी हातातली पिशवी सावरली. टेकडीचं नाव काढलं की पुढचं सगळं निघणार. शहर लहान, सायकलवाल्यांचं जग त्याहून लहान.

"सपाटीला," ते म्हणाले. "इथेच, जवळपास."

"बरं. डोकं कुठाय?"

"म्हणजे?"

"जिच्यासाठी घ्यायचं तिचं डोकं. घालून बघितल्याशिवाय मी देत नाही."

"आणलंय ना," म्हणत झोतरावांनी पिशवीतून भोपळा काढून काउंटरवर ठेवला.

मालकिणीने भोपळ्याकडे पाहिलं, झोतरावांकडे पाहिलं आणि पुन्हा भोपळ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत तिने हेल्मेटसाठी भांडणारी जोडपी पाहिली होती, रडणारी पोरं पाहिली होती. भोपळा नवीन होता. तिने मुकाट्याने तीन हेल्मेटं काढून दिली आणि स्टूल ओढून बसली. असा तमाशा फुकट बघायला मिळत असेल तर कोण सोडेल?

पहिलं हेल्मेट पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत. भोकं थोडी, पण कपाळावरची तोंडं रुंद आणि आतून मागेपर्यंत गेलेले खोल चर. दुसरं निळं, सगळ्याच बाबतीत मधलं. तिसरं नारिंगी, फुगीर, आणि टाळूवर एवढी मोठमोठी भगदाडं की कारागीर मध्येच जेवायला उठून गेला असावा.

"याला बावीस भोकं आहेत," मालकीण नारिंगी हेल्मेटकडे बोट दाखवून म्हणाली.

"भोकं मोजून काही कळत नाही हो," झोतराव खुलले. त्यांचा प्रांत आला होता. "हवा आत येते कुठून, फिरते कशी आणि बाहेर जाते कुठून, ते बघायचं. नुसती भोकं काय, चाळणीलाही असतात."

मग प्रयोग सुरू झाला. भोपळा गरम पाण्याच्या बादलीत शेकायचा, सालीखाली थर्मामीटरची सळई खुपसायची, वर हेल्मेट चढवायचं, समोर टेबलफॅन तीनवर लावायचा आणि दहा मिनिटांत भोपळा किती निवतो ते वहीत लिहायचं. पुन्हा शेकायचा, पुन्हा निववायचा. दुकानात आलेली गिऱ्हाइकं ट्यूब आणि घंटी विसरून उभी राहिली. एकाने तर निळ्यावर पैज लावली आणि हरला. पांढरं हेल्मेट पहिलं आलं, नारिंगी थोडक्यात दुसरं. झोतरावांनी वही अशी मिटली, की जणू निकालपत्रावर सही केली.

बायकोने भोपळ्याला मधोमध भोक पडलेलं पाहिलं, पण काही न विचारता तो शिजायला टाकला. चार दिवस घरात भोपळाच होता.

सुनेला हेल्मेट दिलं तेव्हा तिने ते लगेच घातलं आणि आरशापुढे जाऊन डावीकडून उजवीकडून पाहिलं.

"बाबा, माझ्यासाठी? कशाबद्दल?"

"सहज. आतले चर बघ, केवढे खोल आहेत," झोतराव म्हणाले. खरं ते बोलायची हीच वेळ होती, पण ते चरांबद्दलच बोलत राहिले.

रविवारी ती गेली. झोतराव सकाळपासून दर दहा मिनिटांनी गच्चीत जात होते. दुपारी ती गुणगुणत आली, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "एकदम मस्त आहे, बाबा! काय वारा लागतो!"

झोतरावांचा जीव भांड्यात पडला. तो तिथे जेमतेम पाच मिनिटं राहिला. ती आंघोळीला गेल्यावर आपली करामत एकदा डोळे भरून बघावी म्हणून त्यांनी हेल्मेट हातात घेतलं, तर पांढऱ्या रंगावर, कानाच्या वर, एक काळा ओरखडा. त्यांनी बोटाने पुसून पाहिला. रबर होतं. ते सायकलीपाशी गेले. हँडलवरच्या ब्रेकच्या मुठीचं रबर अगदी त्याच काळ्या रंगाचं. हेल्मेट हँडलला लटकून वाटभर त्या मुठीवर आपटत आलं होतं.

झोतराव खुर्चीत बसून राहिले. त्यांना सुनेचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी करता आलं असतं. त्यांना स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षं हवा मोजली आणि घरातल्या एका डोक्याला ती पुरवता येऊ नये?

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर त्यांनी ते पांढरं हेल्मेट पिशवीत घातलं, हवा मोजायचं यंत्र खिशात टाकलं आणि टेकडीचा पायथा गाठला. मागची फिरकी सैल करून हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि भर दुपारी चढ चढायला लागले. सायकल नव्हतीच, सायकल त्यांना आयुष्यात कधी धड जमली नाही. पायीच निघाले. येणारे जाणारे लोक पायी चाललेल्या हेल्मेटवाल्या म्हाताऱ्याकडे बघत होते. बघू देत, झोतराव म्हणाले.

दुसऱ्या वळणाआधी त्यांच्या कपाळावरून धार लागली. तिसऱ्यापर्यंत डोक्यात भट्टी पेटली. एक धट्टाकट्टा सायकलस्वार मागून आला आणि बराच वेळ त्यांच्या शेजारूनच चालत राहिला. म्हणजे तो सायकलवर होता, पण वेग माणसाच्या चालीचा. तो धापा टाकत होता आणि त्याचंही हेल्मेट हँडलला लटकलेलं होतं. झोतरावांनी यंत्र काढून डोक्यासमोर धरलं. काटा जागचा हलेना. वारा होता, पण पाठीमागून, आणि तोही त्यांच्याच चालीने चढत होता. डोक्यासमोर हवा म्हणून नव्हती.

पंखा बंद होता.

झोतरावांनी रस्त्याच्या कडेला बसून कपाळावर हात मारून घ्यायचा प्रयत्न केला, तो हेल्मेटवर बसला. जन्मभर ते आधी पंखा सुरू करायचे आणि मग हवा मोजायला जायचे. बंद पंख्याखाली यंत्र धरून उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. दुकानातही पहिली गोष्ट काय केली, तर टेबलफॅन तीनवर लावला! उतारावरचं हेल्मेट त्यांनी शोधलं होतं. उतारावर उकडतं कोणाला? उकडतं ते चढावर, आणि तिथे हवा आपणहून आत येत नाही. तिथे तापलेल्या हवेला वरून निघून जायला वाट लागते, जुन्या खोल्यांना छताशी झरोका असायचा तशी. पांढऱ्या हेल्मेटची टाळू तर अंड्यासारखी बंद.

ते तसेच दुकानात गेले. मालकिणीने त्यांचं लाल झालेलं तोंड पाहून आधी पाणी दिलं.

"पंखा बंद ठेवून बघायचंय," झोतराव म्हणाले.

"सपाट रस्त्याला पंखा बंद कशाला?"

झोतरावांनी ग्लास खाली ठेवला. आणि चार आठवडे पोटात ठेवलेलं सगळं त्यांनी एका जवळजवळ परक्या बाईपुढे ओकून टाकलं. बस, वळण, वेणी, हसणं, ओरखडा. बोलता बोलता मध्येच त्यांनी भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघून घेतलं.

मालकिणीने ऐकून घेतलं. उठली, नारिंगी हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल.

"चढाला हे."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"मी विचारलं होतं, काका. तुम्ही सपाट म्हणालात."

ते खरंच होतं. तरी कारागिराचा स्वभाव जातो कुठे? मालकिणीचा वाफाळता चहा समोर होता. त्यांनी त्या कपावर आधी पांढरं हेल्मेट पालथं धरलं. वाफ आत कोंडली आणि कडेखालून, नेमकी डोळे असतात त्या बाजूने, सरपटत बाहेर आली. मग नारिंगी धरलं. वाफ सरळ टाळूवरच्या भगदाडांतून उभी वर गेली. पंखा नाही, वारा नाही, आपली आपण. झोतराव ती वाफ बघत राहिले, चहा निवेपर्यंत.

"हे द्या."

"नाही देणार," मालकीण म्हणाली. "या वेळी खरं डोकं आणा. खऱ्या डोक्याला वेणी असते, हट्ट असतो. भोपळ्याला यातलं काहीच नसतं. आणि हट्टाचं काय ते घरी मिटवून या."

संध्याकाळी सून मागच्या अंगणात साखळीला तेल देत बसली होती. झोतराव शेजारच्या पायरीवर टेकले. बायको आत भांडी लावत होती, पण भांड्यांचा आवाज अचानक थांबला, म्हणजे कान टवकारलेले होते.

"मी तुला बघितलं," झोतराव म्हणाले. "चार रविवार झाले. मी बसमध्ये होतो. तू उतारावरून येत होतीस आणि हेल्मेट हँडलला होतं."

सुनेचा हात थांबला. मान खाली गेली आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"यांना सांगितलंत?"

"कोणालाच नाही."

"मग ते नवीन हेल्मेट..."

"हो. आणि तेही लटकलंच. त्याच्यावर मुठीचा डाग आहे."

बराच वेळ ती फडक्याने एकच कडी पुसत राहिली. मग एकदम बोलायला लागली. "चढावर ना, बाबा, डोकं फुटेल असं होतं. खरंच. आणि थांबायची सोय नाही. आमच्या सायकलवाल्यांच्या टोळीत चढावर पाय टेकवला की आठवडाभर चिडवतात. म्हणून काढते. वर गेल्यावर घालीन म्हणते. पण वर गेलं की असा गार वारा लागतो, आणि आठवडाभराचं ते प्लास्टर, ते मेण, सगळं उडून जातं... मग घालायचं राहून जातं. राहून जातं म्हणजे, आठवतं, पण नको वाटतं." ती थांबली. "तुम्ही ओरडला का नाहीत मला?"

"उकडणं हा काय गुन्हा आहे?" झोतराव म्हणाले. "पण मला भीती वाटते गं. रविवारी तू दारात येईपर्यंत मी गच्चीत येरझाऱ्या घालतो. तुझं गाणं जिन्यात ऐकू आलं की मग मी श्वास घेतो. हे मला तुला सांगता येईना, म्हणून मी भोपळे मोजत बसलो."

"भोपळे?"

मग भोपळ्याचीही गोष्ट सांगावी लागली. सून आधी ऐकत होती, मग फडकं तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

"चार दिवस आपण माझं डोकं खाल्लं?"

"मी विचारलंही नाही, भोक कसलं म्हणून," आतून सासूबाईंचा आवाज आला. "आणि सूनबाई, ते हेल्मेट डोक्यावर नसेल तर माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. झालं माझं. मुलाला मी सांगणार नाही. चहा हवाय का कोणाला?"

घर डोक्यावर घ्यायचं बायकोने का टाळलं, हे झोतरावांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

"शप्पथ, यापुढे..." सून म्हणायला लागली.

"शपथ नको," झोतरावांनी तिला अडवलं. "शपथेने उकडायचं थांबत नाही. उद्या दुकानात चल. आणि उकडलं की सावलीत थांब. पाय टेकव, पाणी पी. आमचे एवढाले पंखेसुद्धा आम्ही मधूनमधून थांबवायचो, आणि त्यांना कोणी चिडवायचं नाही."

दुकानात खरं डोकं पाहून मालकिणीने समाधानाने मान डोलावली. वेणी मागच्या फिरकीत अडकत होती, ती खाली मानेवर बांधायला लावली. पट्टे कानाखाली जुळवले, हेल्मेट कपाळावर दोन बोटं जागा सोडून पुढे आणलं आणि मान गदागदा हलवायला सांगितली. ते जागचं हललं नाही. सुनेने आरशात पाहिलं.

"बाबा, मी संत्र्यासारखी दिसतेय!"

"लांबून ओळखू येशील," झोतराव म्हणाले. पांढरं सपाट रस्त्यासाठी ठेवायचं ठरलं. ओरखडा पडलेला माल मालकीण परत घेणार नव्हतीच.

त्या रविवारी झोतराव पहिल्या बसने टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसले. आपण येणार हे त्यांनी सुनेला सांगितलं होतं, लपून पाळत ठेवायचे दिवस संपले होते. माथ्यावर पाण्याचा नळ होता, एक बाक होता आणि ऊन मी म्हणत होतं. एकेक करून टोळीतली मंडळी वर यायला लागली. टक्कल पडलेला एक दंतवैद्य, दोन जुळ्या बहिणी, बँकेतला एक धिप्पाड गृहस्थ. लाल तोंडं, उघडी डोकी आणि प्रत्येकाच्या हँडलला लटकलेलं हेल्मेट. सून त्यांच्यात नव्हती.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. झोतराव नळावर जाऊन पाणी पिऊन आले. मग पुन्हा गेले. शेवटी न राहवून त्यांनी सुनेबद्दल विचारलं.

"तुमची सून का? येतेय मागून," दंतवैद्य म्हणाला. "आज दोनदा थांबली. पाय टेकवला! आम्ही चिडवून घेतलं."

आणि मग शेवटच्या वळणावर नारिंगी ठिपका दिसला. हळूहळू, डुलत डुलत, तो मोठा झाला. हेल्मेट डोक्यावर होतं. ती आली, सायकल बाकाला टेकवली आणि धापा टाकत म्हणाली, "उकडतंय, बाबा. आधीपेक्षा पुष्कळ कमी, पण उकडतंय."

"उकडणारच. ऊन आहे," झोतराव म्हणाले. त्यांना आणखी बरंच काही म्हणायचं होतं, पण त्यांनी तिची बाटली घेतली आणि नळावर भरून आणली.

टोळी पाणी पिऊन निघायच्या तयारीला लागली. दंतवैद्याने सायकलवर टांग टाकली, तशी झोतरावांनी आपल्या सुनेकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "सावकाश जा गं. मला तू घरी हवी आहेस."

दंतवैद्य हँडलकडे बघत राहिला. मग त्याने टांग खाली घेतली, लटकलेलं हेल्मेट सोडवलं आणि डोक्यावर चढवलं. बकल टक्क वाजलं. जुळ्यांपैकी एकीने हेल्मेट घातलं, मग दुसरीने. बँकवाले गृहस्थ जरा घुटमळले, पण शेवटी त्यांचंही टक्क वाजलं.

"काका," दंतवैद्य हनुवटी वर करून म्हणाला, "हे बरोबर आहे का हो? मला कधी कोणी सांगितलंच नाही."

झोतरावांनी पाहिलं. पट्टा पार सैल होता. त्यांनी तो ओढून घट्ट केला आणि हनुवटीखाली दोन बोटं सरकवून बघितली. मग जुळ्या बहिणी उभ्या राहिल्या. मग धिप्पाड गृहस्थ खाली वाकले, लहान मुलं टोपी घालून घ्यायला वाकतात तसे. झोतराव प्रत्येकाचा पट्टा तपासत होते, आणि ज्याचा झाला तो बाजूला होत होता.

सगळ्यांत शेवटी सून आली. तिचा पट्टा दुकानातच नीट बसवलेला होता, ते दोघांनाही माहीत होतं. तरी तिने मान वर केली आणि थांबली. झोतरावांनी दोन बोटं पट्ट्याखाली सरकवली.

"बरोबर आहे?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," झोतराव म्हणाले, पण बोटं काढायला त्यांना जरा वेळ लागला.